टिटवी चिखलात बसली तो नाताळ

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर नुसतं धुकं. मग हळूहळू नेपथ्य दिसू लागतं. तपकिरी पाण्याचा कालवा, कडेने चिखलाची पायवाट, पलीकडे पानं झडलेलं काटेरी कुंपण आणि काठाला बांधलेल्या दोन लांबट, अरुंद बोटी. त्यांच्या धुरांड्यांतून निघालेला कोळशाचा धूर वर जायचा कंटाळा करून पाण्यावरच लोळतो आहे. डावीकडे लॉकचं, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पाण्यात चढवायच्या-उतरवायच्या हौदाचं, काळं दार. जुनं झालंय, फटींतून पाणी गळतं, आणि तो गळण्याचा आवाज प्रवेशभर चालू असतो. नाताळची आदली संध्याकाळ. त्याच दारातून तिसरी बोट वर आली आणि सुकाणूच्या दांड्याला टेकून उभी असलेली हेस्टर गॅम्बल उजेडात आली.

उजेड कसला, संधिप्रकाशच. पण हेस्टर उभी राहिली की जागा भरायची. वय ऐंशीला टेकलेलं, अंगात नवऱ्याचा कोट, डोक्यावर नवऱ्याचीच टोपी, आणि कंबरपट्ट्याला पाठीमागे अडकवलेलं, लॉकच्या झडपा फिरवायचं लोखंडी हँडल. ते तिच्या आईचं. दोन बायकांच्या तळव्यांनी झिजून त्याची मूठ गुळगुळीत झाली होती.

हेस्टरचा जन्म बोटीतलाच, पलंगाएवढ्या खोलीत. बापाच्या बोटी कोळसा घेऊन कागदाच्या गिरणीकडे जायच्या. ती चालायला शिकली ती छपराला दोरीने बांधलेल्या अवस्थेत, पाण्यात पडू नये म्हणून. लग्न झालं तेही शेजारच्या बोटीवरच्या व्हर्ननशी. मग त्रेसष्टचा हिवाळा आला. कालवा असा गोठला की बोटी बर्फात महिनोन्‌महिने जखडून राहिल्या. बर्फ वितळला तोवर कोळसा रस्त्याने जायला लागला होता. गॅम्बल कुटुंब जमिनीवर गेलं, नगरपालिकेच्या घरात. तिथे हेस्टरला झोप यायची नाही. "हे घर मेलेलं आहे," ती व्हर्ननला म्हणायची. "हलतच नाही." व्हर्नन निवृत्त झाला त्याच वर्षी दोघांनी घर सोडलं आणि 'टिटवी' नावाची बोट घेतली. तो गेला तोही टिटवीवरच, शेगडीपाशी बसल्या बसल्या. त्यानंतरचे सगळे हिवाळे हेस्टर एकटी.

तर त्या संध्याकाळी ती खालच्या गावातून पाणी आणि सामान भरून एकटीच परतत होती. लॉकमध्ये बोट चढवली, बाहेर काढली आणि बांधलेल्या बोटींना लाट लागून आतली भांडी सांडू नयेत म्हणून अगदी हळू काठाला लावली. मग दार लोटायला मागे गेली. दाराच्या लांब तुळईला पाठ लावून तिने दार ढकललं, ते बंद झालं, आणि तेवढ्यात पुलावर गाडीचे दिवे दिसले.

"आई! अगं, अंधारात काय करतेस तिकडे?"

लोर्ना आली होती. हेस्टरची एकुलती एक मुलगी. शाळेत मुख्याध्यापिका, कोरड्या फरश्या आणि नळाच्या गरम पाण्यावर प्रेम करणारी. हेस्टर धापा टाकत तिच्याकडे निघाली.

सुट्टीचे दिवस लोर्ना बोटीवर काढणार होती, आणि ते लाडाकोडाचं राहणं नव्हतं. शरदात हेस्टरने दोनदा शेगडीची राख छपरावर तशीच धगधगती ठेवली होती. एकदा गॅस चालू राहिला होता. लोर्नाने रग्बी गावातल्या आपल्या घरात खालची खोली रंगवून घेतली आणि मग करार झाला. नाताळात लोर्नाने येऊन राहायचं आणि आई एकटी राहू शकते का ते पाहायचं. सगळं नीट पार पडलं तर हेस्टर टिटवीवरच राहणार. नाही तर रग्बी.

"म्हणजे परीक्षाच की," हेस्टर म्हणाली होती.

"परीक्षा नाही गं, आई."

"मुख्याध्यापिका म्हणाली परीक्षा नाही, म्हणजे नक्की परीक्षा."

ती संध्याकाळ मात्र छान गेली. शेगडी लाल झाली होती. भिंतीवरच्या, कडेला नक्षीची झालर असलेल्या थाळ्या चमकत होत्या. हेस्टरने डुकराचं मांस आणि सफरचंद भरलेली पेस्ट्री भाजली, लोर्नाने शेरी ओतली. दोघींनी व्हर्ननच्या घोरण्याची नक्कल केली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. झोपताना लोर्ना म्हणाली, "आई, इथे किती ऊब आहे गं." हेस्टरने अंधारात ते शब्द गोळा करून उशाखाली ठेवले.

सकाळी लोर्ना किंचाळली.

बोट एका कुशीवर कलंडली होती. पुडिंग फळीवरून घसरून बुटात जाऊन बसलं होतं. तीन थाळ्या फुटल्या होत्या. हेस्टर भिंतीला धरत धरत दाराशी गेली आणि बाहेर पाहिलं, तर कालव्यात पाणीच नव्हतं. मधोमध एक ओघळ, बाकी सगळा काळा, घाण वासाचा चिखल; त्यात एक सायकल आणि कुणाची तरी फुटकी बादली. तिन्ही बोटी चिखलात बसल्या होत्या.

हे कशाने होतं ते कालव्यावर शेंबडं पोरही सांगेल. बोट वर चढवण्यासाठी झडप उघडून वरचं पाणी लॉकमध्ये घ्यायचं, आणि बोट बाहेर पडली की ती झडप पाडायची. पाडायची राहिली, आणि खालचं दार असं गळकं असलं, तर रातोरात सगळं पाणी खाली पळून जातं. बोटवाल्यांत याहून मोठी नाचक्की नाही. चोराला माफी मिळेल, झडप विसरणाऱ्याला नाही.

"मावशी, आज टिटवी अंड्यांवर बसली की काय?" कोळशाच्या बोटीवरून नेव्हिलने हाक दिली. नेव्हिल साठीचा, तोही बोटीवरच वाढलेला. हिवाळाभर काठाकाठाने कोळसा आणि गॅस विकायचा आणि हेस्टरला लहानपणापासून मावशी म्हणायचा. "थांब, वरून पाणी सोडतो. आधी खाली जाऊन बघतो कुणी दिवे लावलेत."

कुणी लावलेत ते हेस्टरला ठाऊकच होतं. पलीकडची बोट भाड्याची होती. लाल रंगाची, खिडकीत कागदी तारे लावलेली. सुट्टीसाठी बोट भाड्याने घेऊन आलेलं कुटुंब, प्रॉसर नावाचं. तेही आदल्या दिवशी त्याच लॉकमधून वर आले होते. प्रॉसर पायजम्यावर रेनकोट घालून पायवाटेवर उभा होता आणि आपल्या कलंडलेल्या बोटीकडे, एखाद्याने मेलेल्या घोड्याकडे बघावं तसा बघत होता.

हेस्टर काठीने वाट चाचपत त्याच्यासमोर गेली. मग जे झालं ते सगळ्या काठाने ऐकलं.

"झडप पाडता येत नाही तर कालव्यावर येता कशाला? घरी टबात बसायचं होतं! पाणी काय नळाचं आहे? माझ्या आईच्या थाळ्या फुटल्या. ही माझी मुलगी पहिल्यांदा सुट्टीला आलीय, तिला मी काय दाखवू? तुमचा चिखल?"

"माफ करा," प्रॉसर म्हणाला. "मला वाटलं मी पाडली होती. मी... खरंच वाटलं होतं."

"वाटलं म्हणे! वाटण्यावर बोट चालत नाही."

त्याची बायको दारात उभी होती, कडेवर मुलगी. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

हेस्टर ताठ मानेने परतली. लोर्नाने तिचा हात धरला. "बरं झालं बोललीस," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. आई अजून आई आहे, असं. हेस्टरला ते इतकं गोड लागलं की कंबरेमागे हात गेला आणि तिथे काहीच लागलं नाही, याकडे तिने लक्ष दिलं नाही. असेल आत कुठे.

नेव्हिल परत आला, वरच्या लॉकमधून पाणी सोडून आला आणि मग हेस्टरला म्हणाला, "मावशी, तुझी कोळशाची गोणी बाजूला काढलीय. जरा येऊन बघ."

"गोणीत बघायचं काय? काळी असते."

"ये तर खरी."

त्याच्या बोटीवर गेल्यावर त्याने दार लोटलं आणि ताडपत्रीखालून ते हँडल काढलं.

"झडपेवरच अडकलेलं होतं," तो हळूच म्हणाला.

हेस्टरने ते हातात घेतलं. मूठ तळव्यात बरोबर बसली. तिने आदली संध्याकाळ पहिल्यापासून आठवून पाहिली. दार. तुळई. गाडीचे दिवे. लोर्नाची हाक. झडपेच्या जागी मात्र काहीच नव्हतं, नाटकाच्या वहीतलं पान कुणी फाडून न्यावं तसं. झडप राहिली याची लाज होतीच. पण राहिली हे आठवतही नाही, याची भीती त्याहून मोठी निघाली.

"मी काही पाहिलं नाही," नेव्हिल म्हणाला. "भाड्याचे लोक परवा घरी जातील. पुन्हा येणार थोडेच? त्यांना काय फरक पडतो? तू मात्र..." त्याने टिटवीकडे मान वळवली. "मी आहे ना तुझ्याकडे बघायला."

"तू आठवड्यातून एकदा येतोस, नेव्हिल."

"दोनदा येईन."

"कोळसा विक की जरा. आला मोठा दाई व्हायला."

ती हँडल कोटाखाली घालून निघाली. गप्प बसायचं, असं तिने ठरवूनही टाकलं होतं. वाटेत लाल बोट लागली. अरुंद बोटींच्या भिंती पातळ असतात, आतलं सगळं ऐकू येतं.

"एक गोष्ट, रॉयस्टन. एक गोष्ट तरी तुला धड जमते का?" बायको बोलत होती. "कामावरून काढलं तेव्हाही तू म्हणालास, मला वाटलं मी बरोबर केलं. पोरीचा नाताळ चिखलात घातलास. मला घरी जायचंय. आत्ता."

"जाऊ," तो म्हणाला. "सामान भरतो."

त्या 'भरतो'त वादच नव्हता. आपण तसेच आहोत हे माणसाने मान्य करून टाकल्यावर येतो तो आवाज. हेस्टर पायवाटेवर उभी राहिली. तिच्या शेगडीचा धूर तिला दिसत होता. खिडकीत लोर्ना फुटलेल्या थाळ्यांचे तुकडे गोळा करत होती, आणि गुणगुणतही होती. पोर खूश होती. परीक्षा पास होत आली होती.

हेस्टरने वळून लाल बोटीच्या छपरावर हँडल आपटलं.

प्रॉसर बाहेर आला, मागे त्याची बायको. आवाज ऐकून लोर्नाही धावत आली, हातात झाडू.

"हे माझं," हेस्टर म्हणाली. "झडपेवर सापडलं. झडप तुम्ही पाडली होती. मी नंतर आले, मी उघडली आणि तशीच टाकली."

"पण सकाळी तुम्ही..."

"सकाळी मी तुम्हाला चार माणसांत बोलले. म्हणून आत्ताही चार माणसांत बोलतेय." मग ती बायकोकडे वळली. "बाई, तुमच्या नवऱ्याला जमलं होतं. मला नाही जमलं. त्याला चहा द्या आता."

प्रॉसरच्या बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा उशिराने.

लोर्नाने हातातला झाडू खाली टेकवला. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता, आणि हेस्टरला तेच सोसेना. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नेव्हिलला माहीत होतं?" पायवाटेवरून चालताना लोर्नाने विचारलं.

"त्याने हँडल आणून दिलं."

"तू बोलली नसतीस तर मला कळलंच नसतं, आई."

"तुला नसतं कळलं. मला कळलंय ना." चार पावलं चालून ती म्हणाली, "खोलीला कुठला रंग दिलायस?"

"पिवळा. फिकट."

"पिवळा," हेस्टर म्हणाली.

दुपारपर्यंत पाणी चढलं. टिटवी एकदा कण्हली आणि चिखलातून सुटून सरळ झाली. त्यांनी थंड बदक आणि बुटातून काढलेलं पुडिंग खाल्लं. प्रॉसरची मुलगी कागदी तारा घेऊन आली, तो खिडकीत लावला. सुट्टीचे उरलेले दिवस दोघी मायलेकी शेगडीपाशी पत्ते खेळत बसल्या. रोज धुकं, रोज चार वाजता अंधार. हेस्टर एक एक थाळी भिंतीवरून उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळत होती, आणि लोर्ना ते न दिसल्यासारखं करत पत्ते पिसत होती.

नवं वर्ष लागल्यावर निघाल्या. नेव्हिलने टिटवीची चावी घेतली आणि टोपी काढली.

"मावशी, वसंतात ये हं. रंग देऊ तिला."

"टोपी घाल. सर्दी होईल," हेस्टर म्हणाली. मागे वळून पाहिलं नाही.

गाडी पुलावरून गेली. ज्या वाटेला टिटवीला अख्खा दिवस लागायचा ती टेकडीआड गेलीसुद्धा. हेस्टर मांडीवर हात ठेवून समोर पाहत होती. बोटं मधूनच मिटत होती, काहीतरी धरल्यासारखी. रग्बीच्या गल्ल्या आल्या तोवर अंधारलं होतं. दिवे लागलेल्या घरांपुढे, दोन्ही कडांना, गाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या, हिवाळ्यात काठाला बोटी बांधतात तशा. लोर्नाने घर जवळ आलं म्हणून वेग वाढवला. हेस्टरने तिच्या हातावर हात ठेवला.

"हळू घे, बाळा. माणसं बांधून बसलीत. आपल्या लाटेने कुणाच्या शेगडीवरचा चहा सांडेल."