पाहुण्याच्या खात्यातला कोशोक

रिस्केल्दी बाइके आमच्या वाचनालयातला कॉम्प्युटरवाला. माझ्याहून थोडा थोरला, म्हणून मी त्याला बाइके म्हणते. तो मला नुरझामाल म्हणतो आणि चिडला की "ए पुस्तकवाले". पूर्वी तो गावभरचे रेडिओ दुरुस्त करायचा. मग रेडिओच संपले, आणि कुठल्याशा संस्थेने वाचनालयाला जुने कॉम्प्युटर दिले. आत लिनक्स, कारण ते फुकट. ज्याला तारेला डाग देता येतो त्याला हेही येणारच, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. आणि "मला येत नाही" हे तीन शब्द त्या माणसाच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेले नाहीत.

शिकला बिचारा. खोटं कशाला बोलू, बरंच शिकला. पण सवय रेडिओवाल्याची. रेडिओ खरखरला की खरखर थांबवायची. थांबली की दुरुस्ती झाली. खरखर कशामुळे होती हे विचारायला गिऱ्हाईक थांबतंय कुठे?

त्या वर्षी प्रांताच्या कचेरीतून पाहुणे यायचे होते. नारीनहून दोन गाड्या, फोटो, भाषण, सगळं. सकाळी बाइकेने मधला मोठा कॉम्प्युटर सुरू केला. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर एक चौकट उभी राहिली: वॉर्निंग, घरच्या फाइलीत लिहिता येत नाही. त्याने "ठीक आहे" दाबलं. पडदा काळा झाला आणि पुन्हा नाव विचारायला लागला. पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा तीच चौकट. सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसरीवर पाठवतात ना, अगदी तसं.

"काय झालं गं याला?" तो मलाच विचारत होता.

"मला काय विचारतोस? कॉम्प्युटरवाला तू. तुझ्या त्या कॉम्प्युटर शिकलेल्या भाच्याला फोन लाव."

"भाच्याला? आणि काय सांगू, मामाला येत नाही म्हणून?" त्याने कपाळ पुसलं. "पाहुण्यांसमोर ही चौकट दिसली तर उयात होईल, नुरझामाल. गावाची उयात."

हा शब्द आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजतात. उयात म्हणजे लाज, पण ती आपल्या मनातली कमी आणि चार लोकांच्या डोळ्यांतली जास्त. शेवटचा बोकड कापू, पण पाहुण्यासमोर ताट रिकामं दिसू देणार नाही. घरात फाटकी रजई असली तर ती तळाशी जाते आणि वर मखमलीची रचतात. बाइकेने तेच केलं.

नाव विचारणाऱ्या त्या पडद्यावर खाली एक खातं असतं, पाहुण्याचं. त्याला पासवर्ड लागत नाही, कोणीही या, बसा. बाइकेने कॉम्प्युटर आपोआप त्यातूनच उघडेल असं करून टाकलं. उघडला बरं का, झकास! पण तिथेही एक चौकट आली: हे तात्पुरतं खातं आहे, इथे जे ठेवाल ते बाहेर पडताना पुसलं जाईल. बाइकेने ती वाचली. समजूनही घेतली. आणि मग इंटरनेटवर शोधून ती दिसूच नये अशीही सोय केली. "दुपारपर्यंतच तर आहे," हे त्याने मला फार नंतर सांगितलं. "पाहुणे गेले की नीट करणार होतो."

पाहुणे आले, मटण खाल्लं, पडद्यावरच्या सरोवराच्या चित्रासमोर उभे राहून फोटो काढले. साहेबांनी बाइकेच्या खांद्यावर चापान चढवला, आमचा मानाचा लांब डगला. असा मान मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी "खरं म्हणजे ते बिघडलेलंच आहे" म्हणायला छाती लागते. बाइकेकडे ती नव्हती. कॉम्प्युटर पाहुण्याच्या खात्यावरच राहिला. कोणी म्हणालं, माझी फाइल सापडत नाही, की हा म्हणायचा, "तूच कुठेतरी भलतीकडे ठेवली असशील." हे त्याने पोस्टातल्या बाईला सांगितलं, शाळेच्या मास्तरांनाही सांगितलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली, कारण सांगणारा चापानवाला.

आता कुलुइपा अपाचं सांगते; वडीलधाऱ्या बाईला आम्ही अपा म्हणतो. आमच्या खोऱ्यातला जुना कोशोक, म्हणजे मयतीला बायका गातात ते रडगाणं, पुरता फक्त तिला येतो. तिच्या सासूकडून तिच्याकडे आला. युर्तच्या, म्हणजे मयतीला उभारतात त्या लोकरी तंबूच्या, भिंतीकडे तोंड करून ती गायला लागली की बाहेर काठ्यांना टेकून उभे असलेले दगडासारखे पुरुषही हुंदके द्यायचे. पण मयतीत तिच्या तोंडासमोर माईक धरणार कोण? जोडे खाल! आणि कोणी मेलं नसताना कोशोक गायचा नाही. गायला तर मरण दाराशी येतं म्हणतात. म्हणून रेकॉर्ड करू का विचारलं की अपा वर्षानुवर्षं नाहीच म्हणत आली.

मग एके दिवशी तिची सून एर्किनाय तिला घेऊन वाचनालयात आली. अपा माझ्या कानाशी म्हणाली, "मधले मधले शब्द गळायला लागलेत गं. चहाला साखर घातली की नाही ते आठवत नाही तिथे हे कुठलं राहायला. आज एकदा गाते. पाप लागलं तर मला लागू दे. पुन्हा मात्र सांगू नका."

बाइके त्या दिवशी कुरणावर गवत कापायला गेलेला. तो असता तर! पण नव्हता. अपाने रुमाल सारखा केला, भिंतीकडे तोंड करून बसली आणि गायली. मी दार आतून लावलं आणि पुस्तकांच्या कपाटाला टेकून रडले, दुसरं काय करणार. एर्किनायने ते मधल्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं, नीट साठवलं, नाव दिलं, परत लावून बघितलं. अपा आपलाच आवाज ऐकून म्हणाली, "ही कोण म्हातारी बोंबलतेय? हिला कोणीतरी चहा द्या!" हसलो आम्ही. निघताना एर्किनायने कॉम्प्युटर शहाण्यासारखा बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या कौतुकाने बाइकेला सांगायला गेले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बंद केलात?"

"मग काय जन्मभर चालू ठेवायचा?"

तो खुर्चीत बसला. मग त्याने भाच्याला फोन लावला. मामाला येत नाही, हे अखेर बोलला. भाच्याने पहिली वॉर्निंग चुटकीसरशी सोडवली. झालं होतं एवढंच, की सरोवराचं चित्र लावायच्या नादात बाइके एकदा मुख्य अधिकार घेऊन आत शिरला होता, त्यामुळे त्या खात्याच्या घरातल्या एका फाइलीची मालकी बदलली आणि घरधन्यालाच तिच्यात लिहिता येईना. मालकी परत दिली, खातं उघडलं. एका ओळीचं काम.

"आणि पाहुण्याच्या खात्यातलं?" बाइकेने विचारलं.

"ते डिस्कवर लिहिलंच जात नाही, मामा. बंद केलं की गेलं. तशी वॉर्निंग देतो की तो. आली नव्हती का?"

बाइकेने फोन ठेवून दिला.

अपाच्या घरी मी त्याच्याबरोबर गेले. एकटा गेला असता तर वाटेतूनच परतला असता. अपाने आत वरच्या अंगाला, मानाच्या जागी गादी घातली. बाइके दाराशी जोड्यांपाशीच बसला.

"तिथे काय बसतोस भिकाऱ्यासारखा? वर ये, बाळा."

"इथेच बरा आहे, अपा." आणि मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. चौकट, पाहुणे, चापान, पोस्टातली बाई. काही लपवलं नाही. एर्किनायच्या हातातली किटली तशीच राहिली. "लाज नाही वाटली?" ती ओरडली. "एक ओळ दिसली असती पडद्यावर, तर काय नाक कापलं जाणार होतं तुझं?"

"लाज वाटली म्हणूनच केलं गं," बाइके म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

अपाने पाव मोडला. मग म्हणाली, "आता कोणीतरी मरायची वाट बघ. माझी नको बघू, माझ्याच मयतीला मी कशी गाणार?" आणि तिने त्याच्यापुढे चहा सरकवला. त्याने तो प्यायला, कारण नाही म्हणणं आणखी वाईट. मला वाटतं, तिने त्याला शिव्या घातल्या असत्या तर तो बरा झाला असता.

त्यानंतर त्याने ती दडवलेली चौकट परत आणली आणि नाव विचारायच्या पडद्यावर स्वतः एक ओळ लिहिली: पाहुण्याच्या खात्यात ठेवलेलं काहीही राहत नाही, ही गोष्ट मी लपवली होती, रिस्केल्दी. मी म्हटलं, "अरे, नाव तरी काढ." नाही काढलं. पुढच्या खेपेला तेच साहेब आले आणि हसत मोठ्याने वाचून म्हणाले, "हा रिस्केल्दी कोण?" बाइके पुढे झाला. "मी," म्हणाला. चापान घरी पेटीत होता.

हिवाळ्यात त्याची आई गेली. अंगणात युर्त उभारला. पुरुष बाहेर काठ्यांना टेकून उभे, बाइके सगळ्यांत पुढे, मोठ्याने रडत. आत आम्ही बायका. कुलुइपा अपा आली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने कोशोक धरला. तोच. पहिलं कडवं आलं, दुसरं आलं. तिसऱ्यात आवाज थांबला.

बायका थांबल्या. अपाच्या हाताने माझा गुडघा घट्ट धरला. ती हळूच म्हणाली, "पुढे काय गं? तू ऐकलं होतंस ना?"

ऐकलं होतं मी. कपाटाला टेकून रडत ऐकलं होतं. मला एक शब्द आठवेना.

बाहेर बाइकेचं रडणंही थांबलं. आतल्या त्या शांततेत ते मला स्पष्ट कळलं. मग एक आत्या म्हणाली, "दुःखाने घसा दाटला बिचारीचा," आणि दुसऱ्या बाईने आपलं साधं, नेहमीचं गाणं सुरू केलं.

नंतर हात धुवायला बाहेर आले, तर शेजारी बाइकेला सांगत होते, तुझ्या आईवर अपाचा किती जीव होता बघ, गाववेना तिला. बाइके जमिनीकडे बघत होता. "हो," तो म्हणाला, आणि मी त्याच्या हातावर पाणी घातलं.