चिमटा जागेवर नव्हता

माझी भाची फोटो काढते. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल; हल्ली ज्याच्या हातात फोन तो फोटोग्राफर. पण बटण दाबण्याआधी ती जे करते, ते बघण्यासारखं असतं. समोरच्याला बसवते आणि अर्धे डोळे मिटून त्याच्याकडे नुसती बघत राहते. नव्या माणसाला वाटतं, हिला डुलकी लागली.

ही खोड बापाची. आमचे दाजी दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि हौसेनं माणसांची चित्रं काढायचे. लेकीला शेजारी बसवून सांगायचे, "डोळे किलकिले कर. बारीकसारीक सगळं गळून पडतं. उजेड कुठं नि काळोख कुठं, तेवढंच उरतं. आधी ते मांड." मला या विद्येतलं ओ की ठो कळत नाही. शाळेत मी काढलेल्या घोड्याला गुरुजींनी बाक समजून दहापैकी सहा मार्क दिले होते.

तर गोष्ट घड्याळजींची. कोपऱ्यावरचं त्यांचं दुकान पन्नास वर्षं चाललं. नजर अधू झाली, तसं लेकानं ते बंद करायचं ठरवलं. बाराला टेम्पो येणार, टेबल-कपाटं जाणार. त्याच्या आईचं एकच म्हणणं, टेबलाशी बसलेला यांचा एक तरी फोटो हवा. घरातल्या सगळ्या फोटोंत घड्याळजी असे ताठ, जणू दात उपटून घ्यायला बसलेत.

आम्ही साडेदहाला पोचलो. कॅमेऱ्याचा स्टँड वाहायला मामा, म्हणजे मी. घड्याळजी इस्त्रीचा शर्ट घालून, हनुवटी वर करून बसले होते. डाव्या हाताला खिडकी. भाचीनं डोळे किलकिले केले. मधूनच बटण दाबायची, बघायची, मान हलवायची. अकरा वाजून गेले.

लेक माझ्या कानाला लागला. "मामा, हिला नीट दिसतं ना?"

"तुझ्यापेक्षा बरं दिसतं."

"मग एवढा वेळ काय बघतेय?"

तेवढ्यात भाची पुढं झाली. चित्र काढणाऱ्याचे हात ते, पसारा दिसला की शिवशिवतात. काळा ट्रे उजवीकडं सरकवला, चिमटा त्यात टाकला, तेलाची कुपी मागं, उघडं घड्याळ पुढं. मांडणी झकास दिसत होती. मलासुद्धा कळावं इतकी.

"काका, आता नेहमीसारखं काम करा बघू."

घड्याळजींनी न बघता हात टाकला. चिमटा नाही. बोटं रिकाम्या लाकडावर चाचपडत राहिली.

"इथं कुणी हात लावला?"

"मी, काका. फोटोत जरा..."

"फोटो गेला खड्ड्यात. दोन वर्षं मी डोळ्यांनी नाही, हातांनी काम करतोय. ही केर काढते, तीसुद्धा टेबल सोडून."

"सोडून म्हणजे? हात लावू देता होय?" घड्याळजींची बायको दारातून म्हणाली.

भाची एवढंसं तोंड करून सगळं परत लावायला गेली. त्यांनी हातानंच तिला मागं सारलं आणि स्वतः लावायला बसले. हनुवटी खाली आली, खांदे सैल पडले. कुपी इथं. चिमटा करंगळीजवळ. एक वस्तू ठेवायची, हात मांडीवर घ्यायचा, मग न बघता हात नेऊन ती सापडते का पाहायचं. पाऊण तासात टेबल जाणार होतं, पण हा माणूस ते असं लावत होता, की जणू उद्या सकाळी गिऱ्हाईक यायचंय.

मीही डोळे किलकिले करून पाहिलं. कपाटं दिसेनाशी झाली, भिंत गेली. खिडकीच्या उजेडात एक वाकलेलं डोकं आणि दोन हात तेवढे राहिले.

खट्. भाचीनं एकदाच बटण दाबलं.

लेकानं कॅमेऱ्यात बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "यात बाबांचं तोंडच नाही. टक्कल नि हात. बाकी अंधार."

"दुसरा काढते," भाची म्हणाली, पण आवाज पडलेला. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

त्याच्या आईनं कॅमेरा हातात घेतला, चष्मा वर सरकवला. बराच वेळ बघत होती.

"दुसरा कशाला? लग्न झाल्यापासून रोज जेवायला हाक मारायला इथं येते, तेव्हा मला हेच दिसतं. टक्कल नि हात."

"तेव्हा केस होते," घड्याळजी म्हणाले.