मिठागरावर नेलेल्या कोंबड्या

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा बरोबर दोन कोंबड्या आणल्या होत्या. माझं माहेर ठाण्याचं, चर्चमागच्या आळीतलं. वडील तिथल्या शाळेत मास्तर, त्यामुळे मला लिहितावाचता येत होतं. पण माझा जीव पुस्तकापेक्षा आईच्या खुराड्यात जास्त रमायचा. कोणती कोंबडी खुडूक झाली, कोणती चोरून कुठे अंडी घालते, कोणत्या अंड्यात जीव धरलाय, हे मला दहाव्या वर्षापासून कळत असे. अंडं उन्हाच्या तिरिपेत धरून मी सांगायचे आणि माझं सहसा चुकत नसे. ही बढाई नव्हे. कुणाला गाता येतं, कुणाला जाळं विणता येतं. मला कोंबड्यांतलं कळत होतं.

सासर खाडीच्या काठी. गावात आम्हा किरिस्तावांची पंधरावीस घरं आणि चिंचांच्या पलीकडे आगऱ्यांचा पाडा. पावसाळ्यात सगळेच भात लावत. तो सरला की कुणी मासळीवर जाई, कुणी मिठागरावर. सासूबाई फार कष्टाळू, पण त्यांच्या मनाविरुद्ध घरात पानही हललेलं त्यांना खपत नसे. घरधनी गरीब स्वभावाचे. आई आणि बायको यांच्यामध्ये बोलायची पाळी आली की ते बैलांना पाणी दाखवायला निघून जात. दोन वर्षांत माझ्या दोनाच्या दहा कोंबड्या झाल्या, वर तांबड्या पिसांचा एक कोंबडा.

आमच्या परसाला निवडुंगाचं कुंपण होतं. त्याच्या पलीकडे एका आगरी बाईची वाडी. ती माझ्याच वयाची. नवरा मचव्यावर खलाशी, सहा-सहा महिने बाहेर; वाडी ती एकटी पिकवायची. वांगी, मिरच्या, माठ, मांडवावर दुधी. एका सकाळी ती माझी करडी कोंबडी काखेत धरून दारात उभी राहिली. कोंबडीला तिने बांधलं नव्हतं की मारलं नव्हतं.

"ही तुजी ना? माज्या वांग्यांत आलती. लावलेली रोपं समदी उकरली," ती म्हणाली.

माझ्या सासूबाई आतून काहीतरी बोलायच्या बेतात होत्या. मी कोंबडी घेतली, खुराड्यात टाकली, कुदळ उचलली आणि तिच्या मागोमाग कुंपणापलीकडे गेले. रोपं खरंच उपटून पडली होती. ज्यांची मुळं जिवंत होती ती आम्ही दोघींनी पुन्हा लावली. मला वाफा नीट करता येत नाही हे तिने लगेच ओळखलं आणि माझ्या हातातून कुदळ काढून घेऊन मला पाणी घालायला लावलं. दुपारपर्यंत आमचं ठरलं: पीक उभं असेपर्यंत कोंबड्या माझ्या परसात कोंडलेल्या राहतील, पीक निघालं की त्या तिच्या वाडीत सोडायच्या. त्या किडे खातील, माती उकरतील, आणि खुराड्यातलं खत तिचं. तेव्हापासून आमची मैत्री. ती मला भाजी शिकवायची आणि मी तिला अक्षरं. अक्षरं तिने फार मनावर घेतली नाहीत.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवसांचे उपास नुकतेच सुरू झाले होते. गावातल्या एका घरी सणासाठी म्हणून बाजारातून कोंबड्यांची टोपली आली. चौथ्या दिवशी त्यातल्या दोन मेल्या. मग त्या घरातल्या जुन्या. मग शेजारच्या. कोंबडी आधी एका कोपऱ्यात पिसं फुलवून बसायची, घशातून शीळ घातल्यासारखा श्वास यायचा, मान वाकडी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी ती आडवी. लोक म्हणाले, मर आली.

उपासामुळे कापून खायची सोय नव्हती. सासूबाईंनी ठरवलं की आमच्या सगळ्या कोंबड्या ठाण्याला नेऊन विकून टाकायच्या, अजून धडधाकट आहेत तोवर. मी म्हटलं, आपण दुखणं विकायला न्यायचं आणि तिथल्या आळ्यांतही मर न्यायची, हे मी करणार नाही. माझ्या लहानपणी शेजारच्या आळीत अशीच मर आली होती. तेव्हा आईने एका दिवसात सगळी खुराडी उचलून शेतातल्या झोपडीत नेली होती आणि आमची एकही मेली नव्हती. मीही माझ्या कोंबड्या गावाबाहेर नेणार, असं मी सांगितलं.

"मरायच्या त्या कुठेही मरतील," सासूबाई म्हणाल्या. "देवाच्या मनात असेल तर घरात वाचतील."

"जीव वाचवायचं देवाच्या मनात होतंच, आई, तरी पुराआधी नोहाला त्याने तारू बांधायला लावलं."

 सासूबाईंनी होकार दिला नाही; पण बायबलातला दाखला त्यांना मोडवेना, आणि तेवढं मला पुरे होतं. घरधनी बैलांकडे गेले.

मी कुंपणाशी जाऊन मैत्रिणीला हाक मारली. तिचा बाप खाडीतल्या एका मिठागरावर राखणदार होता. म्हातारा एकटाच, कुडाच्या खोपटात राहायचा. चारी बाजूंना पाणी, चिखल आणि तिवरांचं रान. दुसरी कोंबडी तिथे उडत जाणंही शक्य नव्हतं. मी पुढचं बोलायच्या आत तिला सगळं कळलं. "भरती लागू दे," एवढंच ती म्हणाली. होडी ती स्वतः वल्हवायची. त्याच दुपारी आम्ही कोंबड्या झाकायच्या दोन झापांत अकरा जिवांना घेऊन निघालो. गावातली माणसं काठावर उभी राहून बघत होती. काही हसलीही. कोंबड्यांना हवापालट, असं कुणीतरी म्हणालं.

म्हाताऱ्याने आम्हाला बघून कपाळाला हात लावला. मिठाच्या वाफ्यांत कोंबडी फिरली तर मालक मला हाकलून देईल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला शब्द दिला की एकही पाय वाफ्यात पडणार नाही. खोपटाच्या मागे आम्ही करवंदीच्या फांद्या आणि जुन्या जाळ्याचं आवार केलं. मग मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. गोडं पाणी मी रोज आणीन, तेच द्यायचं. गावातून येणाऱ्या कुणालाही आवाराजवळ येऊ द्यायचं नाही. आणि एखादी कोंबडी पिसं फुलवून बसली तर ती लगेच वेगळी काढायची.  एवढ्या तरण्या बाईने हुकूम सोडावेत याची म्हाताऱ्याला सवय नसावी. पण त्याने मान हलवली.

मग रोजचं सुरू झालं. पहाटे घरचं काम उरकायचं, विहिरीवरून दोन हंडे भरायचे, कोंडा आणि कण्या बांधून घ्यायच्या आणि भरतीबरोबर निघायचं. घरातल्या लुगड्यात मी कोंबड्यांना हात लावत नसे; वेगळं जुनेर तिथल्या खुंटीला टांगून ठेवलं होतं. गावात मेलेलं पाखरू तर मी शिवतही नसे. मैत्रीण म्हणायची, तू भटणीपेक्षा सोवळी झालीस. समोरच्या काठाला आगगाडीचा धूर दिसायचा. पाणी उतरायला लागलं की आम्ही परत फिरायचो, म्हणजे ओहोटीच्या आत घर गाठता यायचं.

दोन कोंबड्या मात्र गेल्या. एक आवारातून निसटली आणि वाफ्यातलं खारं पाणी प्यायली, संध्याकाळपर्यंत संपली. ती चूक माझी, जाळ्याला एक भोक राहिलं होतं. दुसरी उघड्यावर घारीने उचलली. उरलेल्या आठ आणि कोंबडा ठणठणीत होते. तिवरांतले बारके खेकडे खाऊन अंडी अशी मोठी घालायला लागल्या की म्हाताऱ्याचा रागच गेला. दोन कोंबड्या खुडूक झाल्या, त्यांच्याखाली मी निवडून अंडी ठेवली.

एकीकडे गावात मर पसरतच होती. ईस्टर आला तोवर गावात एकही कोंबडी उरली नाही. सासूबाईंनी सणाच्या आदल्या दिवशी मला विचारलं, आता तरी एक आणतेस ना. मी नाही म्हटलं. सणाच्या दिवशी त्यांनी वाढायचं सगळं काम माझ्यावर टाकलं. जेवायला बोंबील आणि कोळंबी होती. पाहुण्यांसमोर त्या एकदाच म्हणाल्या की आमच्या सुनेच्या कोंबड्या माणसांपेक्षा मोठ्या आहेत. मला ते लागलं. पण आठांतल्या एकीला कमी केलं असतं तर पुढचं गणित बिघडलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी पानं वाढत राहिले.

त्यानंतरच्या अमावास्येला उधाण आलं. आम्ही दोघी तिथेच होतो. दुपारची वेळ, वारा पश्चिमेचा. पाणी बांधाच्या काठाशी येऊन लागलं आणि बघता बघता एका जागी बांधाला खांड पडली. पाणी आत धावलं. म्हातारा फावडं घेऊन तिकडे पळाला, मैत्रीण त्याच्यामागे. तो मला ओरडून बोलावत होता. मी आधी गेले नाही. खुडूक कोंबड्यांच्या टोपल्या उचलून खोपटाच्या छपरावर चढवल्या, बाकीच्यांना एकेक करून वर फेकलं, कोंबडा आपण होऊन उडाला. टोपलीतल्या कोंबड्या अंड्यांवरून हलल्यासुद्धा नाहीत. मग मी पदर खोचला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरले.

तिघांनी मिळून तिवराच्या फांद्या आणि चिखल लोटून ती खांड बुजवली. हाताला शिंपल्यांनी चिरा पडल्या, त्यांत खारं पाणी. भरती उतरेपर्यंत आम्ही तिथेच पाठ लावून उभे होतो. तीन वाफ्यांचं मीठ विरघळलं, बाकीचं वाचलं. वर येऊन म्हाताऱ्याने छपराकडे बघितलं. तिथे माझं सगळं खटलं ओळीने बसलेलं.

"आधी कोंबऱ्या, मग मी," तो म्हणाला.

"तुम्हाला पोहता येतं, बाबा. त्यांना येत नाही," मी म्हटलं.

तो हसला. मग म्हणाला, पाऊस येईस्तवर त्या इथेच राहू देत, आता त्यांच्याशिवाय मला करमायचं नाही.

पावसाच्या आठवडाभर आधी, मीठ झाकायची घाई सुरू झाली तेव्हा मी त्यांना परत आणलं. गावात मर थांबून महिना झाला होता. तरी मी घाई केली नाही. आधी खुराडी जाळून नवी बांधली, परसात चुना टाकला, मगच सोडलं. आठ कोंबड्या, एक कोंबडा आणि सतरा पिलं. होडी काठाला लागली तेव्हा तीच माणसं पुन्हा जमली होती. या वेळी कुणी हसलं नाही. एका म्हातारीने पिलू हातात घेऊन गालाला लावलं. तिच्या घरच्या चौदा गेल्या होत्या.

मी तिथेच सांगून टाकलं की दर घराला एक जोडी मिळेल. पण पिलं आईपासून सुटी झाल्याशिवाय नाही, आणि जो आपलं खुराडं जाळून नवं बांधेल त्यालाच. एक-दोघांनी कुरकुर केली, खुराडं चांगलं आहे, कशाला जाळायचं. त्यांना मी थांबवून ठेवलं. पंधरा दिवसांत गावातली सगळी जुनी खुराडी जळली.

पावसाळाभर मी अंडी बसवत राहिले. एक जोडी, दुसरी जोडी, असं करत नाताळपर्यंत किरिस्तावांच्या प्रत्येक घरात आणि पाड्यातल्या मागेल त्या घरात कोंबड्या गेल्या. वाटायचं काम मात्र सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. टोपली घेऊन त्या दारोदार जात आणि सांगत की आम्ही वेळेवर गावाबाहेर नेल्या म्हणून वाचल्या. "आम्ही" ऐकून मैत्रीण माझ्याकडे बघायची.  पण सासूबाई मनापासून सांगत होत्या. आणि एका घरी मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, तिथल्या बाईला त्या समजावत होत्या की खारं पाणी प्यायली तर कोंबडी मरते. हे त्यांना कुणी सांगितलं होतं, ते त्या घरातल्यांनाही ठाऊक होतं.

मैत्रिणीला मी जोडी देऊ केली तर तिने घेतली नाही. तिला कोंबड्या कधीच आवडल्या नाहीत. आवाज फार करतात, म्हणाली. म्हाताऱ्याला मात्र दोन हव्या होत्या. त्या मी स्वतः मिठागरावर पोचवल्या, एक हंडा गोड्या पाण्यासकट.

पुढच्या मोसमात परसात काय लावायचं हे सासूबाईंनी पहिल्यांदाच मला विचारलं. विचारताना त्या तांदूळ निवडत होत्या, वर बघितलं नाही. मी भेंडी म्हटलं. मैत्रिणीने आधीच बजावलं होतं की आमच्या जमिनीत ती यायची नाही. तिचं मी ऐकलं नाही. भेंडी खरंच बेताचीच आली. सासूबाई ती निमूट चिरत राहिल्या, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही त्यांनी मलाच विचारलं.