कानावरचा मळ

माझे वडील जमीन मोजणीच्या खात्यात होते. रंग गोरापान, डोक्यावर काळी टोपी, आणि दिवसभर हुपरी-कुरुंदवाडकडच्या रानात उन्हात उभे. टोपी टक्कल झाकायची, कान उघडेच राहायचे.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तेल लावताना आईचा हात त्यांच्या कानाच्या कडेवर अडायचा. "अहो, किसणीगत लागतंय. मळ साचलाय की!" म्हणत ती उटण्यानं ती जागा घासून काढायची. थोड्या दिवसांत खपली पुन्हा हजर. एका दिवाळीला रक्तच आलं, तेव्हा कुठं आम्ही तिघं डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टरांनी कानावरून नुसतं बोट फिरवलं. "हा मळ नव्हे, बाई. गोरी कातडी, उन्हानं बिघडलीय. असंच सोडलं तर पुढं याचा कॅन्सर होऊ शकतो."

मळ म्हणे! दरवर्षी त्याच जागी उगवणारा मळ कुणी पाहिलाय?

‘बापाचा रंग घेतलाय पोरीनं’ म्हणत गल्लीभर मला मिरवणारी आई दवाखान्याच्या पायरीवर माझे कान चाचपत बसली.