पुलापासून बंधाऱ्यापर्यंत

पंक्चरवाल्याला आयुष्यात कशाचं कुतूहल असेल, तर भोकांचं. काचेची चीर सरळ, काट्याचं भोक सुईएवढं. ट्यूब हातात घेतली की स्वारी कारण सांगून मोकळी. यंदा मात्र त्याची मती गुंग झाली होती. नदीत तरंगायला लोकांना भाड्याने दिलेल्या ट्रकच्या ट्यूबा फाटून परत येत होत्या, आणि ते फाटणं ना काचेचं होतं ना काट्याचं.

नदी ती केवढी! या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस वळून बघेल. सुट्टीच्या दिवशी लोक पुलाखाली ट्यूबमध्ये बसायचे, वाहत वाहत बंधाऱ्याजवळ उतरायचे आणि खालच्याच रस्त्याने घरी जायचे. वर ट्यूबा द्यायला पंक्चरवाला, खाली त्या गोळा करून टेम्पोने परत आणायला त्याची बायको. मधली नदी त्याने कधी पाहिलीच नव्हती. तिथे दोन्ही बाजूंना उभे कडे होते, आणि गडी पाण्याला जाम भ्यायचा.

"दगड लागत असेल एखादा," बायको म्हणाली.

"दगडाने असं ओढल्यासारखं फाटतं होय? मध्ये काहीतरी रुतलंय. उद्या कुणाच्या पोटात घुसलं म्हणजे?"

"उगाच नाही ते मनात घेऊ नका."

पण त्याच्या डोक्यातला किडा काही शांत बसेना. पुढच्या सुट्टीला शेवटचं गिऱ्हाईक सोडलं आणि बायकोला पत्ता लागू न देता त्याने स्वतःच ट्यूबमध्ये बूड टेकवलं.

कड्यांमध्ये शिरताच नदी गार आणि गप्प झाली. पाणी इतकं नितळ, की तळाचे गोटे दिसत होते. सळई, तार, तुटका खांब, काही सापडतंय का म्हणून तो वाकून वाकून बघत राहिला आणि भ्यायचं विसरूनच गेला. आपल्या दारातली नदी एवढी देखणी आहे, हे त्याला या वयात कळत होतं. पुढे कडे संपले, गोट्यांचा रुंद पट्टा लागला. पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, काठाला पायवाट. इथेही काही नव्हतं.

शेवटच्या वळणावर ट्यूब एकदम ओढली गेली. यंदाच्या पुराने अलीकडच्या काठाला गोटे आणून टाकले होते, आणि सगळी धार पलीकडच्या काठाने थेट बंधाऱ्यावर चालली होती. खाली कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून त्याने बोंबच ठोकली.

छातीभर पाण्यात बायको उभी होती. कमरेला झाडाला बांधलेला दोर, हातात लांब काठी, काठीला लोखंडी आकडा. तिने आकडा ट्यूबमध्ये रुतवला आणि जिवाच्या आकांताने ओढलं. ट्यूब फुस्स झाली.

"अहो, तुम्ही?"

काठावर येताच त्याने फाटलेली ट्यूब हातात घेतली. "दर सुट्टीला असं करतेस?"

"यंदा धार लांब गेली. हात पुरेना."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकानाला कुलूप लावलं असतं."

त्याला तिचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली. "पुढच्या सुट्टीपासून सगळे वरच्या पट्ट्यावर उतरतील. आणि काय गं, पोहायला शिकलीस तरी कधी?"

दोराची ओली गाठ सुटत नव्हती. त्या गाठीशी झटापट करत ती म्हणाली, "शिकायचंय अजून."