तारांतोतली गर्दी

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या माझ्या न्हाव्याचं नाव मी कधी विचारलं नाही. म्हातारा इटालियन, केसांना लावण्याआधी कात्री हवेत दोनदा वाजवायचा. कुणी फिरकत नाही असं शहर शोधून काढल्याचा तोरा मिरवायला मी त्याच्या देशातल्या तारांतो या जुन्या बंदराच्या गावी जाऊन आलो, आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिथले फोटो उघडून मोबाइल त्याच्या हातात दिला.

त्याने कात्री खाली ठेवली. तो आणि त्याची बायको दोघंही तिथलीच निघाली. बायको आता अंथरुणाला खिळलेली. माहेरचं घर उभं आहे का, एवढंच रोज विचारायची.

"किल्ल्यामागची गल्ली आहे यात?"

होती. पण प्रत्येक फोटोत मी! तिथेच माझी बायको म्हणाली होती, "अरे, शहर बघायला आलायस की शहराला तोंड दाखवायला?" त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, तर माझं नाकच तेवढं मोठं झालं. गिऱ्हाइकाच्या खांद्यावरचे केस झटकावेत तसा तो मला बोटाने बाजूला सारत राहिला.

"सॉरी," मी म्हणालो, "घर माझ्यामागे राहिलं."

"असू द्या. ती म्हणते, तिथे आता कुणी राहत नाही, सगळे सोडून गेले. मी तिला सांगेन, इतकी गर्दी आहे की आपलं घर दिसतच नाही."

त्याने फोन परत दिला आणि माझी मान हलकेच पुढे वाकवली. त्या सकाळी त्या गल्लीत आम्हा दोघांशिवाय चिटपाखरूही नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही.