खजूर, कानटोपी आणि माझं लग्न

आमच्या घरात वाळवंटातला एक सरडा होता आणि त्याला बंगळूरची हवा मानवत नव्हती. मस्कतचा मामा दरवर्षी खजूर आणायचा. त्या वर्षी खजुराच्या खोक्यातून हा आणला. हातभर लांब, शेपटीला काटे आणि चेहऱ्यावर निवृत्त हेडमास्तरांचा भाव! नाव अर्थातच खजूर. काचेच्या पेटीत वाळू घालून वर बल्ब लावला, की स्वारी खूश. आई त्याला मेथी आणि देवाची जास्वंद भरवायची. मालक मी. (म्हणजे मी लांबून बघायचो. हात लावायची वेळ आली, की मला नेमका पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात ओव्हरटाइम असायचा.)

पुढे सुनंदाचं स्थळ आलं. फोटो बघून मी असा काही विरघळलो, की मध्यस्थांकडून निरोप धाडला, "मुलगा धाडसी आहे. जंगली प्राणी पाळतो!"

डिसेंबरातल्या एका रविवारी सुनंदा आणि तिचे वडील, जाधवकाका, आमचं घर बघायला आले. काका मूळचे विजापूरचे. त्यामुळे बंगळूरच्या थंडीत कानटोपी, मफलर आणि वरून शाल! मुलीला खजूर नीट दिसावा म्हणून मी सकाळीच पेटीचं झाकण काढून ठेवलं होतं. (काढलं आईनं. मी सांगितलं.)

"स्वल्प कॉफी घ्या की," अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले आणि वीज गेली.

बल्ब विझला, वाळू गार पडली आणि खजूर ऊब शोधायला निघाला. त्या खोलीत सगळ्यात उबदार वस्तू जाधवकाका होते. सोफ्याच्या पाठीवरून तो सावकाश चढला आणि थेट कानटोपीवर जाऊन बसला.

"अय्यो! डोक्यावर कोण आहे?" काका किंचाळले.

अशा वेळी धाडसी मुलानं काय करावं? मी खुर्चीवर चढलो.

सुनंदा शांतपणे उठली. तिनं खजूरला दोन्ही हातांनी उचललं आणि स्वतःच्या शालीत गुंडाळलं.

"सरडा चढला! डोक्यावर!" काका म्हणाले. "पंचांगात याचं फळ बघा. अंघोळ तर करायलाच हवी. आणि बघायला आलो त्याच दिवशी हा अपशकुन? अशा घरात मुलगी द्यायची?"



"पंचांगात आपल्याकडचा सरडा असतो," अण्णांनी मुद्दा मांडला. "हा मस्कतचा. त्याचं फळ इथं कसं लागेल?"

"सरडा तो सरडाच!"

"शिवाय चढला तो टोपीवर," मी खुर्चीवरून म्हणालो. "टोपीलाच अंघोळ घालूया!"

"तू आधी खाली उतर," आई म्हणाली. (उतरलो नाही. खजूर अजून खोलीतच होता.)

वीज नाही म्हणजे गीझर नाही. डिसेंबरच्या गार पाण्यानं काकांनी डोक्यावरून अंघोळ केली. प्रत्येक तांब्याला आतून देवाचं नाव ऐकू येत होतं. माझी लुंगी नेसून ते दात वाजवत बाहेर आले.

"सुनंदा, चल. हे स्थळ आपल्याला नको."

सुनंदा हलली नाही. तिच्या शालीतून खजूर नाक काढून बघत होता. तिनं मला विचारलं, "काय खातो हा?"

"हा? हा खातो... आई, काय खातो गं हा?"

"मेथी," आई म्हणाली.

सुनंदा हसली. "अप्पा, मला घर पसंत आहे."

काका बराच वेळ फुगून बसले. शेवटी आईचा गरम बिसीबेळेभात पोटात गेला, तेव्हा कुठे ते "सरी, बरं आहे" म्हणाले.

लग्न झालं. एकदा मी ऐटीत विचारलं, "त्या दिवशी माझ्यात असं काय बघितलंस गं?"

"मी 'घर पसंत आहे' म्हणाले होते," ती खजूरला जास्वंद भरवत म्हणाली. "तुमचं, खुर्चीवरून खाली उतरलात की बघू, असं ठरवलं होतं!"